अँटोनियो एवढा उदास का आहे? (‘मर्चंट ऑफ व्हेनिस’)

सांजपक्षी

मंडळी, आमच्या सोसायटीच्या वाचनालयात दर महिन्याला एक नाटक मोठ्याने वाचतात. कोण काय वाचणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. या खेपेला शेक्सपिअरचं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ आहे आणि माझ्या चिठ्ठीत निघाला अँटोनियो. (गोष्ट थोडक्यात: व्हेनिसचा व्यापारी अँटोनियो आपला मित्र बॅसॅनियो याला पोर्शियाला मागणी घालता यावी म्हणून शायलॉक या ज्यू सावकाराकडून कर्ज काढतो. मुदतीत फेडलं नाही तर अंगातलं एक पौंड मांस द्यायचं, अशी अट. कोर्टात पोर्शिया वकिलाच्या वेशात येते आणि ‘मांस घे, पण रक्ताचा थेंब सांडायचा नाही’ म्हणून त्याला वाचवते.) ज्या काकांना शायलॉक मिळालाय ते तेव्हापासून घरी चपलेवर सुरी घासून बघतायत, असं काकू सांगत होत्या. पोर्शिया मिळालेल्या वहिनी हवेत आहेत. माझी चिठ्ठी उघडल्यावर मात्र सगळे एका सुरात म्हणाले, ‘अरेरे.’

सोपं काम आहे असं समजून पुस्तक उघडलं आणि पहिल्याच वाक्याला अडकले. हा बाबा येतो तोच म्हणतो, ‘खरं सांगतो, मी इतका उदास का आहे ते माझं मलाच कळत नाही. मला त्याचा शीण आलाय, तुम्ही म्हणता तुम्हालाही आलाय.’ म्हणजे हा विषय आधीपासून चाललेला आहे आणि आपण मधेच येऊन उभे राहिलोय. मित्र दोन कारणं सुचवतात. जहाजांची काळजी, नाहीतर प्रेम. तो दोन्ही झटकून टाकतो. त्यानंतर पाच अंक संपतात, निकाल लागतो, लग्नं लागतात, पण याच्या तोंडून कारण काही बाहेर पडत नाही.

नाटकाचं नाव याच्यावरून आणि मी वाचायचं काय, तर तोंड पाडून बसायचं? वाचन दोन आठवड्यांनी आहे. तुम्हाला काय वाटतं, का उदास आहे हा?

चहाबाज

नाटकाला नाव आपलं आणि टाळ्या शायलॉकला. मी तर पहिल्या अंकात राजीनामा दिला असता.

बोरूबहाद्दर

चहाबाज, गमतीत खरं बोललात. २२ जुलै १५९८ ला लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाच्या वहीत या नाटकाची नोंद झाली. तिथेच ‘व्हेनिसचा व्यापारी, किंवा ज्याला व्हेनिसचा ज्यू असंही म्हणतात’ असं लिहिलंय. म्हणजे बिचाऱ्याचं नाव पुस्तक छापायच्या आधीच अर्धं गेलं होतं. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मराठी रूपांतर झालं त्याचं नाव काय, तर ‘स्त्रीन्यायचातुर्य’. सगळं श्रेय वकीलबाईंना. व्यापाऱ्याचा कुठे पत्ताच नाही.

जहाजवाला

तीस वर्षं सागरी विम्यात काढली, त्यामुळे माझं निदान धंद्याच्या अंगाने घ्या.

मित्रांपुढे अँटोनियो म्हणतो की माझा माल एकाच जहाजात नाही, एकाच ठिकाणी नाही, आणि सगळी मत्ता या एका वर्षाच्या नशिबावर टांगलेलीही नाही. ऐकून बरं वाटतं. शहाणा व्यापारी असंच करतो. पण त्याच प्रवेशात, मित्र निघून गेल्यावर, बॅसॅनियो पैसे मागतो तेव्हा हाच माणूस सांगतो, ‘माझं सगळं धन समुद्रावर आहे. हातात रोकड नाही, आणि रोकड उभी करता येईल असा मालही नाही.’ एक तर आधीचं खोटं, नाहीतर नंतरचं.

पुढे शायलॉक हिशेब मांडतो. एक जहाज ट्रिपोलीला, दुसरं इंडीजकडे, तिसरं मेक्सिकोला, चौथं इंग्लंडला. तिसऱ्या अंकात बुडाल्याच्या बातम्या येतात तेव्हा लिस्बन आणि बार्बरीही यादीत आलेली असतात. मेक्सिकोला व्हेनिसचं जहाज जाऊन व्यापार करेल, हे स्पेनने चालू दिलं नसतं. ते नाटककाराच्या खात्यावर टाकू. पण विमा? इटलीच्या बंदरांत चौदाव्या शतकापासून सागरी विमा उतरवला जात होता. या गृहस्थाने एका जहाजाचा उतरवल्याचा उल्लेख नाही. सहा जहाजं पाण्यात आणि विमा शून्य. झोप कशी लागणार? कारण शोधायला लांब जायची गरजच नाही.

चहाबाज

जहाजवाले काका, आता तुमच्या कंपनीचा फॉर्मही लिंकवर टाका. (हलकं घ्या.)

गावची_मैना

काका, विम्याचं मान्य, निदान अमान्य.

काळजी करणारा माणूस कसा बोलतो ते शेक्सपिअरने त्याच प्रवेशात दाखवलंय, फक्त ते अँटोनियोच्या तोंडी नाही. त्याचा मित्र सालारिनो म्हणतो, माझी जहाजं पाण्यात असती तर सूप गार करायला फुंकर मारतानाही मला वादळ आठवलं असतं. वाळूचं घड्याळ बघितलं की वाळूत रुतलेलं जहाज दिसलं असतं. चर्चच्या दगडी भिंती बघितल्या की खडक आठवले असते, आणि खडकावर आपटून सगळे मसाले पाण्यावर पसरलेले, रेशमी कापडं लाटांच्या अंगावर. बोलणाऱ्याकडे एक होडीसुद्धा नाही! ज्याची जहाजं आहेत तो मात्र एका वाक्यात विषय संपवतो.

आणि ते खोटं-खरं. बाबांचं किराणा मालाचं दुकान होतं. उधारी थकलेली असली तरी बाबा गल्ल्यावर बसून ‘सगळं झकास’ म्हणायचे. मागच्या खोलीत आईला काय ते सांगायचे. बाजारात पत सांभाळावी लागते. सालारिनो-सोलानियो म्हणजे रियाल्टोवरचे, व्हेनिसच्या बाजारातले, बडबडे ओळखीचे लोक, त्यांना कोण सांगणार की आपण गळ्यापर्यंत अडकलोय? बॅसॅनियो घरचा, म्हणून त्याला खरं सांगितलं. मला तिथे अँटोनियो लबाड वाटत नाही, नेहमीचा दुकानदार वाटतो.

जहाजवाला

मैनाताई, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. घेतला. पण विमा उतरवायला हवा होता यावर मी ठाम.

कट्टेकरी

इतकी जहाजं फिरवताय कशाला? मित्र म्हणतो ‘मग तू प्रेमात पडलायस’, त्यावर हा म्हणतो, ‘छे, छे!’ बस, एवढंच. बाकी सगळ्या गोष्टींना तो कारणं देतो, इथे फक्त छे छे.

दुसऱ्या अंकातला निरोप वाचा. आपल्याला तो दिसत नाही, सालारिनो सांगतो म्हणून कळतो. बॅसॅनियो बेलमाँटला, पोर्शियाच्या गावी, तिला जिंकायला निघालाय. अँटोनियो म्हणतो, घाई करू नकोस, माझ्या कर्जरोख्याचा विचार मनात आणू नकोस, मजेत राहा. मग डोळे भरून येतात. तो तोंड दुसरीकडे वळवतो आणि हात मागे करून, न बघता, बॅसॅनियोचा हात घट्ट धरून दाबतो. आणि ते गेले. त्यावर सोलानियो म्हणतो, ‘मला वाटतं त्याला हे जग आवडतं ते फक्त याच्यासाठी.’

न बघता मागे केलेला हात. अजून काय लिहून द्यायचं होतं त्याने?

आप्पा_वाईकर

कट्टेकरी, तुम्ही तरुण मंडळी मैत्रीत लगेच दुसरं काहीतरी बघता. त्या काळात दोन पुरुष एकमेकांना ‘प्रियतम’ म्हणून पत्रं लिहीत.

शिवाय मूळ कथा पाहा. शेक्सपिअरने हे कथानक ‘इल पेकोरोने’ या चौदाव्या शतकातल्या इटालियन कथासंग्रहातून उचललं, तो छापला गेला १५५८ साली. तिथे व्यापाऱ्याचं नाव अन्साल्दो, आणि तो जानेत्तोचा मित्र नाही, धर्मपिता आहे. बाप मेलेल्या पोराला त्याने घरात घेतलंय. पोरगा जहाजं मागतो, बुडवून येतो, पुन्हा मागतो, हा पुन्हा देतो. तिसऱ्या खेपेला कर्ज काढतो. ही बापाची माया आहे. मुलगा लग्न करून दूर जाणार म्हणून बाप उदास. आमच्याकडेही मुलगा कॅनडाला गेला तेव्हा मी विमानतळावर पार्किंगची पावती शोधण्याचं नाटक करत होतो.

कट्टेकरी

आप्पा, पावतीचं वाचून गप्प बसावंसं वाटलं, पण तुमचा पुरावा माझ्याच बाजूने बोलतोय. मूळ कथेत धर्मपिता होता तर शेक्सपिअरने ते नातं काढून का टाकलं? ठेवलं असतं तर सगळं सोपं होतं.

आणि ‘इल पेकोरोने’चा शेवट सांगितला नाहीत! तिथे अन्साल्दोचं लग्न लावून देतात, जानेत्तोच्या बायकोच्या दासीशी. सगळे सुखी. शेक्सपिअरने दासी ठेवली, तिचं नाव नेरिसा, आणि ती दिली बॅसॅनियोच्या मित्राला, ग्राशियानोला. शायलॉकच्या मुलीला, जेसिकाला, लोरेन्झो. शेवटी बेलमाँटला तीन जोडपी आहेत आणि एक अँटोनियो. तयार असलेली बायको काढून घेतली हो त्याच्याकडून.

आप्पा_वाईकर

हे माझ्या लक्षात होतं. तुम्ही काढू नये अशी आशा होती.

चहाबाज

आप्पा रॉक्स.

डॉ_उंबरठा

त्या काळच्या लोकांना हा प्रश्न आपल्याइतका अवघड वाटला नसता. शरीरात चार रस, त्यातलं काळं पित्त वाढलं की माणूस खिन्न होतो, अशी पक्की समजूत होती. टिमथी ब्राइट नावाच्या वैद्याने १५८६ ला लंडनमध्ये खिन्नतेवर अख्खा ग्रंथ छापला होता. कारणाशिवाय येणारी उदासी तेव्हा वाचकांच्या ओळखीची होती. ग्राशियानो अँटोनियोची टिंगल करतो तीही वैद्यकीच आहे. अंगात गरम रक्त असलेल्या माणसाने आजोबांच्या संगमरवरी पुतळ्यासारखं का बसावं, कुरकुर करून कावीळ का लावून घ्यावी, वगैरे.

आज माझ्या दवाखान्यात अशी माणसं येतात. पोट दुखतंय म्हणून येतात, तपासलं तर पोट ठीक. ‘काही टेन्शन?’ विचारलं तर ‘छे, काही नाही, उगाच.’ बायको शेजारी बसलेली असते, ती म्हणते, ‘हे मलाही असंच सांगतात.’ अँटोनियोचं पहिलं वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकतो. तेव्हा सांजपक्षी, कारण सापडलं नाही तरी वाचता येईल. ज्याला कारण सापडत नाही त्याचा त्रास वाचा. ‘मला शीण आलाय’ हे शब्द महत्त्वाचे.

सांजपक्षी

डॉक्टर, हे फार उपयोगी. ‘शीण’वर थांबून बघते.

संतापी

सगळा धागा वाचला. माया, मैत्री, काळं पित्त, पार्किंगची पावती. कोणालाच आठवत नाही की हा सज्जन गृहस्थ रियाल्टोवर एका म्हाताऱ्याच्या दाढीवर थुंकलेला आहे?

शायलॉक तोंडावर सांगतो, तू मला कुत्रा म्हणालास, माझ्या अंगरख्यावर थुंकलास, उंबऱ्यावरच्या बेवारस कुत्र्यासारखी लाथ मारलीस, आणि आता पैसे मागतोस? त्यावर अँटोनियो काय म्हणतो? ‘मी तुला पुन्हा तसं म्हणेन, पुन्हा थुंकेन, पुन्हा लाथाडेन. मित्र म्हणून देऊ नकोस, शत्रू म्हणून दे.’ ज्याच्याकडे उधार मागायला गेलाय त्याला! या माणसाचा शीण तिथे कुठे जातो? शायलॉकपुढे तो एकदम ताजातवाना असतो.

व्हेनिसने १५१६ पासून ज्यूंना एका बेटावरच्या वस्तीत कोंडलं होतं, रात्री दरवाजे बंद. आणि शेवटी हाच अँटोनियो दया म्हणून अट काय घालतो? शायलॉकने ख्रिस्ती व्हावं. निवाडा करणाऱ्या ड्यूकने नव्हे, पोर्शियाने नव्हे. अट याची.

तेव्हा तो उदास असेल तर असू दे. मला त्याचं काही वाटत नाही.

गावची_मैना

संतापी, थुंकण्याचा बचाव होऊच शकत नाही. पण तुमचं ‘शायलॉकपुढे तो ताजातवाना असतो’ हे वाक्य मला खरोखर लागलं. तसं असेल तर ते वाचनात दिसायला हवं. मऊ, दुःखी, गोड माणूस म्हणून सगळं वाचलं तर तो प्रवेश खोटा होईल.

पानवेल

मी संस्कृत शिकवते, त्यामुळे माझं घोडं तिकडेच जाणार. ‘मृच्छकटिक’मधला चारुदत्त आठवतोय का? जातीने ब्राह्मण, पेशाने सार्थवाह म्हणजे तांड्याने व्यापार करणारा, उज्जयिनीच्या श्रेष्ठींच्या पेठेत घर. देवलांनी मराठीत आणला म्हणून आपल्याला घरचाच वाटतो. तोही उदास व्यापारी. फरक असा की याला कारण विचारावं लागत नाही, तो पहिल्या अंकातच सांगत सुटतो. पैसा गेला याचं दुःख नाही, तो येतो-जातो, पण पैसा गेल्यावर लोकांची मैत्री सैल पडते हे जाळतं.

आणि आता गंमत बघा. विदूषक मैत्रेय विचारतो, मरण बरं की दारिद्र्य? चारुदत्त म्हणतो,

‘दारिद्र्यान्मरणाद्वा मरणं मम रोचते न दारिद्र्यम् ।
अल्पक्लेशं मरणं दारिद्र्यमनन्तकं दुःखम् ॥’

मरणाचा त्रास थोडा, दारिद्र्याच्या दुःखाला अंत नाही. न्यायालयात सुरी समोर असताना अँटोनियो बॅसॅनियोला काय सांगतो? नशीब माझ्यावर नेहमीपेक्षा जास्त मेहेरबान आहे. एरवी ते माणसाला संपत्ती गेल्यावरही जगवतं, खोल गेलेल्या डोळ्यांनी आणि सुरकुतल्या कपाळाने म्हातारपणाचं दारिद्र्य बघायला लावतं. त्या लांबलचक शिक्षेतून मला त्याने सोडवलं. अक्षरशः तोच विचार! हजारभर वर्षांच्या अंतराने दोन व्यापारी एकच हिशेब मांडतात.

पण वधस्थानापासून परत आल्यावर दोघं वेगळे होतात. चारुदत्ताचा जीव घ्यायला निघालेला शकार पायाशी पडतो, लोक म्हणतात मारा याला, आणि चारुदत्त म्हणतो, सोडून द्या. अट नाही, काही नाही. अँटोनियोला तेच करायची संधी मिळाली होती. संतापींनी सांगितलंच त्याने काय केलं.

चारुदत्ताला घरी बायको धूता आहे, मुलगा रोहसेन आहे, प्रेयसी वसंतसेना आहे, मैत्रेय आहे. ज्याला एवढी माणसं आहेत त्याला माफ करणं परवडत असेल का? माहीत नाही, उगाच मनात आलं.

बोरूबहाद्दर

पानवेल, दंडवत! धागा वाचनखूण म्हणून साठवला.

संतापी

पानवेलताई, शेवटचं वाक्य पटलं नाही, बाकीचं पटलं. एकटी माणसंही माफ करतात.

पानवेल

तेही खरं.

गोंयकार

जहाजवाले काकांच्या यादीत ‘इंडीज’ होतं, म्हणून गोव्याचा एक तुकडा टाकतो. आमच्याकडे कुठलीही गोष्ट शेवटी गोव्यालाच येऊन लागते.

नाटक लिहिण्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी, १५८३ ला, राल्फ फिच, जॉन न्यूबरी आणि आणखी दोघे असे चार इंग्रज ‘टायगर’ जहाजाने तेव्हाच्या सीरियातल्या ट्रिपोलीला उतरले, तिथून इराणच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझला आले. (शायलॉक सांगतो ते ट्रिपोली हेच असावं.) होर्मुझला एका इटालियन व्यापाऱ्याने धंद्याच्या जळफळाटातून पोर्तुगीजांकडे चुगली केली. चौघांना हेर म्हणून गोव्याला आणून तुरुंगात टाकलं. सुटायला जामीन हवा. अनोळखी शहरात चार परक्यांना जामीन कोण राहणार? तेव्हा धावून आला जेझुइट पंथाचा एक इंग्रज धर्मगुरू, फादर थॉमस स्टीफन्स. त्याच्या खटपटीने ते जामिनावर सुटले, आणि फिच पुढे संधी साधून पळून गेला. जामिनाचं काय झालं असेल देव जाणे.

आता हा स्टीफन्स कोण? ‘ख्रिस्तपुराण’वाला! ज्याने मराठीला ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ म्हटलं तो. गोव्यातल्या राशोलला ते छापलं १६१६ साली, शेक्सपिअर वारला त्याच वर्षी.

चहाबाज

व्हेनिसहून निघालेला धागा राशोलला सुखरूप पोचला. विमा न उतरवता.

जहाजवाला

चहाबाज 😄

जामीनदार_क्र_२

बरेच दिवस फक्त वाचतो इथे. गोंयकारांनी ‘जामीन कोण राहणार’ लिहिलं, म्हणून लिहितोय.

सहा वर्षांपूर्वी एका मित्राने पतसंस्थेतून कर्ज घेतलं, दोन जामीनदार लागत होते. पहिला त्याचा मेहुणा. दुसरा मी. चहाच्या टपरीवर, बाकड्यावर कागद ठेवून सह्या केल्या. तीन ठिकाणी. पगाराची स्लिप, आधारची झेरॉक्स. कपाची ओली गोल खूण एका कागदावर उमटली आणि मित्र ती रुमालाने पुसत होता. मी वाचलं नाही काही. बायकोला सांगितलं नाही. पुढे जे होतं ते झालं, त्याचा धंदा बसला, मेहुण्याने हात वर केले, माझ्या पगारातून हप्ता कापायला लागले.

आता नाटकाशी संबंध. लोक मला नेहमी विचारतात, ‘अक्कल कुठे गेली होती?’ मी कधी खरं उत्तर दिलं नाही, इथे नाव नाही म्हणून देतो. त्या वर्षी मला झोप लागत नव्हती. कारण काही नव्हतं. नोकरी ठीक, घर ठीक. डॉक्टर म्हणतात तसं ‘उगाच’. मित्राने विचारलं तेव्हा दोन महिन्यांत पहिल्यांदा मला कोणीतरी काहीतरी मागितलं होतं जे फक्त मी देऊ शकत होतो. सही केली आणि त्या रात्री गाढ झोपलो.

तुम्ही पहिला प्रवेश परत वाचा. बाकीचे जाईपर्यंत अँटोनियो अर्ध्या वाक्यात बोलतो. बॅसॅनियो एकटा राहतो आणि म्हणतो मी तुझंच सगळ्यात जास्त देणं लागतो, पैशातही आणि प्रेमातही. की हा उठून बसतो. ‘माझी थैली, माझा देह, माझ्याकडचं शेवटचं जे काही असेल ते, सगळं तुझ्या गरजेला उघडं आहे.’ बॅसॅनियोने तोवर आकडासुद्धा सांगितलेला नाही! आणि ‘देह’ म्हणालाय. शायलॉकला मांसाची कल्पना सुचायच्या आधी.

रोख्यावर सही करताना बॅसॅनियो म्हणतो, माझ्यासाठी असल्या कागदावर सही करू नकोस. हा म्हणतो, घाबरू नकोस रे, मुदतीच्या महिनाभर आधी नऊपट पैसे येतील. मला ते वाक्य वाचताना बाकडं आठवतं.

सांजपक्षी

हे वाचून काय लिहावं कळत नाही. धन्यवाद.

कट्टेकरी

जामीनदार, कडक. माझं मत बदललं नाही, पण तुमचं त्यात मावतं.

मग तिसऱ्या अंकातलं पत्रही याच नजरेने बघा. ‘जहाजं सगळी गेली, सावकार निर्दय झाले, रोख्याची मुदत उलटली. ते देऊन मी जगणं शक्य नाही, तेव्हा मरताना तू दिसलास तर तुझंमाझं सगळं देणं फिटलं. तरी तुझी मर्जी. तुझं प्रेम तुला आणत नसेल तर माझ्या पत्रामुळे येऊ नकोस.’

गावची_मैना

हे पत्र माझ्या आत्याने लिहिलंय. ‘तुम्ही तुमच्या कामात असाल, आम्ही आमचं बघू, गुडघ्याचं ऑपरेशन काय, होईल एकटीने.’

आप्पा_वाईकर

मैनाताई, अशी पत्रं लिहिण्यालाही वय लागतं. खरं तर कोर्टात तो काय म्हणतो? मी कळपातला खच्ची, रोगट मेंढा, मरायला सगळ्यात योग्य; कमकुवत फळ आधी गळतं; तू जग आणि माझा मृत्युलेख लिही. पुढे तर, तुझ्या बायकोला माझी गोष्ट सांग आणि तिलाच ठरवू दे की बॅसॅनियोवर कोणाचं प्रेम होतं की नाही. बायको वकिलाचा झगा घालून दोन हातांच्या अंतरावर उभी, ऐकतेय.

डॉ_उंबरठा

आणि पाचव्या अंकात तिने त्याची परतफेड केली. बायकोने दिलेली अंगठी बॅसॅनियोने देऊन टाकली म्हणून भांडण होतं, अँटोनियो म्हणतो या सगळ्या भांडणांचं अभागी कारण मीच. मग म्हणतो, मी एकदा याच्यासाठी देह गहाण ठेवला होता, आता आत्मा गहाण ठेवतो, हा पुन्हा वचन मोडणार नाही. पोर्शिया लगेच, ‘तर मग तुम्ही याचे जामीन. ही घ्या अंगठी, द्या त्याला.’ नवरा-बायकोच्या मधे जामीनदार म्हणून उभं केलं आणि त्याच हाताने बाजूला केलं. बाई हुशार.

जामीनदार_क्र_२

पुन्हा जामीन. सुधारत नाही तो.

सांजपक्षी

काल वाचन झालं. थोडक्यात वृत्तांत देते.

पहिलं वाक्य मी हळू, पडेल आवाजात वाचायचं ठरवलं होतं. ऐनवेळी तसं वाचलंच नाही. डॉक्टर म्हणाले तसं ‘शीण’ धरला आणि थोडं चिडून वाचलं, जणू सालारिनोने दहाव्यांदा विचारलंय. ते वाचणारे कुलकर्णी काका दचकून माझ्याकडे बघायला लागले. बॅसॅनियो एकटा उरल्यावर मी खुर्चीत पुढे सरकले, वेग वाढवला. थुंकण्याचा प्रवेश तसाच सणसणीत वाचला. नंतर एक बाई म्हणाल्या, ‘मला वाटलं अँटोनियो चांगला असतो.’ संतापी, तुमचा निरोप पोचला.

शेवटी पोर्शिया पत्र देते, तुमची तीन जहाजं माल भरून बंदराला लागलीत, हे पत्र मला कसं मिळालं ते विचारू नका. त्यावर माझ्या वाट्याला एवढंच होतं, ‘मला बोलायला शब्द नाहीत.’ ते म्हटलं आणि एक उरलेलं वाक्य म्हणून टाकलं. मग बाकीच्यांचे संवाद चालू राहिले, लोरेन्झो, नेरिसा, ग्राशियानोचा तो शेवटचा चावट विनोद. सगळे हसले. मी पुढची दोन पानं उलटून बघत होते, माझं काही राहिलंय का. नव्हतं. तेवढ्यात चहा आला आणि पोर्शियावहिनींना लोकांनी घेरलं. शायलॉककाकांनी बिस्किटांचा पुडा सुरीने फोडला.

चहाबाज

पुड्याला रक्त आलं का?

जहाजवाला

तीन जहाजं परत आली म्हणजे बाकीची तीन गेलीच. कोणी बोलत नाही त्याबद्दल.

गावची_मैना

@जामीनदार_क्र_२, विचारू नये, पण विचारते. तुमचा मित्र आता कुठे असतो?

जामीनदार_क्र_२

नाशिकला. दिवाळीला फोन करतो. माझे दोन हप्ते राहिलेत.